ओळीच्या शेवटचा श्वास

पहिल्या रविवारी उपासनेत ऑर्गन वाजवताना मी गाणाऱ्या मंडळीच्या पुढे निघून गेले. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर लक्षात आलं, की माझ्या बोटांखाली तिसरी ओळ सुरू झाली आहे आणि मागून येणारा आवाज अजून दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या शब्दावर आहे. मी एक मात्रा थांबले. तेवढ्यात अर्धे लोक मला गाठायला धावले, अर्धे होते तिथेच राहिले आणि उरलेलं गीत आम्ही कसंबसं शेवटाला नेलं. सूर एकही चुकला नव्हता. आठवडाभर घरी मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र, लावून चारही आवाज घोटले होते, कुठे कोणतं बोट तेसुद्धा पाठ होतं. तरीही आशीर्वचनानंतर ऑर्गनचं झाकण लावताना माझे हात गार पडले होते.

आमच्या उपासनालयातला ऑर्गन पायांनी भाता चालवून वाजवायचा आहे. जुनी माणसं त्याला पायपेटी म्हणतात. कित्येक वर्षं तो ज्या वाजवत होत्या, त्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो. त्यांच्या बोटांचे सांधे आखडले, तेव्हा पाळकांनी मला विचारलं. लहानपणापासून मी पियानो शिकले होते, परीक्षा दिल्या होत्या, लोकांसमोर वाजवायची सवय होती. होकार द्यायला मला एक दिवसही लागला नाही. उपासनेत वाजवणं हे वेगळं काम आहे, याची मला तेव्हा कल्पनाच नव्हती.

सोमवारी बाईंचा फोन आला. रविवारबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

"गुरुवारी संध्याकाळी ये. गीतांचं पुस्तक आण. ऑर्गन उघडायचा नाहीये."

गुरुवारी त्यांनी मला पहिल्या बाकावर बसवलं आणि रविवारचंच गीत मोठ्यानं वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्या म्हणाल्या, "हे गीत कोणाला उद्देशून आहे? देवाला ना? मग आता त्याला वाचून दाखव." दुसऱ्यांदा माझा आवाज आपोआप संथ झाला. "आता जिथे जिथे श्वास घेतलास, तिथे पेन्सिलीनं खूण कर." चार कडव्यांत चार वेगवेगळ्या जागी खुणा पडल्या. पहिल्या कडव्यात ओळ संपते तिथेच वाक्य संपत होतं. तिसऱ्या कडव्यात मात्र कर्ता एका ओळीत होता आणि क्रियापद पुढच्या ओळीत. चाल तिथे टेकत होती, अर्थ टेकत नव्हता. रविवारी मी चारही कडवी एकाच साच्यातून काढली होती.

बाईंनी मग करिंथकरांस पहिलं पत्र उघडलं, चौदावा अध्याय, सातवं वचन. बासरी असो की वीणा, तिच्या नादांत भेद केला नाही तर काय वाजतंय हे कोणाला कसं कळेल, असं प्रेषित पौल तिथे विचारतो. संदर्भ अन्य भाषांत बोलण्याच्या दानाचा आहे, वाद्य तिथे दाखल्यापुरतं येतं. पण मला वाटतं, दाखल्यासाठी त्यानं वाद्य निवडलं यातही वादकानं ऐकावं असं काहीतरी आहे. नुसता सूर लागणं पुरेसं नाही, तो काहीतरी सांगतोय हे ऐकणाऱ्याला कळायला हवं.

तीन गुरुवार आम्ही फक्त वाचलं. चौथ्या गुरुवारी ऑर्गन उघडला.

पियानोवरून आलेल्या माणसाला हे वाद्य सगळ्यात आधी अडवतं ते बोट उचलताना. पियानोची पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आपटते, आणि सूर उमटल्या क्षणापासून विरू लागतो. पायाखालचं पेडल दाबलं की तो थोडा लांबवता येतो, एका सुराचं दुसऱ्या सुरात मिसळणं त्या पेडलवर सोपवता येतं. ऑर्गनला तशी सोय नाही. बोट पट्टीवर आहे तोवर सूर जसाच्या तसा उभा राहतो, आणि बोट उचललं की त्याच क्षणी तुटतो. म्हणजे दोन सुरांमधलं सगळं बोटांनाच करावं लागतं. एक पट्टी दाबलेली असतानाच तिच्यावर दुसरं बोट आणायचं आणि पहिलं अलगद मोकळं करायचं, म्हणजे ते पुढच्या पट्टीकडे जायला तयार होतं. पियानोवर मी हे क्वचित केलं होतं. इथे प्रत्येक ओळीत करावं लागत होतं. मधल्या आवाजांत एकच सूर लागोपाठच्या दोन कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांत, आला तर तो धरून ठेवायचा. पण तोच सूर वरच्या आवाजात, म्हणजे लोक गातात त्या चालीत, परत आला तर तो सोडून पुन्हा दाबायचा, नाहीतर नवं अक्षर ऐकूच येत नाही. हे साधे नियम हातात उतरायला मला जवळजवळ सहा महिने लागले.

आतली रचना बाईंनी मागची फळी काढून दाखवली. आमच्या ऑर्गनमध्ये पायटे खालीवर केले की भाते आतली हवा उपसून बाहेर टाकतात. आत हवा विरळ झाली की बाहेरची हवा उघडलेल्या रीडमधून आत शिरते आणि पितळेची पातळ जीभ थरथरू लागते. अलेक्झांद्र दबॅं यांनी पॅरिसमध्ये 1842 साली ज्या हार्मोनियमचं पेटंट घेतलं, त्यात उलट घडतं. तिथे भाता हवा रीडमधून बाहेर ढकलतो. आमचं वाद्य श्वास आत ओढून गातं. स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या स्तोत्रात, दीडशेव्या, कर्णा, सतार, वीणा, डफ, तंतुवाद्यं, पावा, झांजा यांची रांग लागते आणि अगदी शेवटी, ज्या कोणात श्वास आहे त्या प्रत्येकानं परमेश्वराची स्तुती करावी असं येतं. वाद्यांना श्वास नाही, मग ती त्या यादीत कशी, हा प्रश्न मला लहानपणी पडायचा. त्या संध्याकाळी भात्याची हालचाल बघताना वाटलं, की वाद्याला श्वास माणसाकडूनच मिळतो. माझे पाय थांबले की याचा प्राण जातो.

"खूण केलीस तिथे हात उचल," बाई म्हणाल्या. "पाय थांबवू नकोस."

हीच मला सगळ्यात अवघड गेलेली गोष्ट. ओळीच्या शेवटी सगळी बोटं एकदम वर घ्यायची, क्षणभर पूर्ण शांतता राहू द्यायची आणि मग पुढची ओळ धरायची. मला ती शांतता भोकासारखी वाटायची, काहीतरी सुटल्यासारखी. मी ती शेवटच्या सुरानं बुजवून टाकायचे. पण लोकांना श्वास घ्यायची परवानगी त्या शांततेतूनच मिळते. ऑर्गन श्वास घेत नसेल तर मंडळी चोरून, कुठेही, शब्दाच्या मधे श्वास घेते आणि मग विस्कटते. पहिल्या रविवारी नेमकं हेच झालं होतं.

तिसऱ्या बाकावर डाव्या कडेला एक आजोबा बसायचे. आवाज खर्जातला, भरदार, आणि नेहमी अर्धी मात्रा मागे. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द ते इतरांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवायचे. माझं सगळं लक्ष त्या आवाजाकडे खेचलं जायचं. एके दिवशी मी बाईंना म्हटलं, त्यांना कोणी हळूच सांगू शकेल का. बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ते मागे नाहीत गं. ते शब्द पुरा करतात. तू करू देत नाहीस."

त्या रविवारी मी फक्त आजोबांकडे कान ठेवून वाजवलं. त्यांचा शब्द संपला की हात उचलायचा, त्यांनी श्वास घेतला की पुढची ओळ. मेट्रोनोमवर मिनिटाला 96 ठोक्यांना घोटलेलं गीत ऐंशीच्या आसपास गेलं असेल. सगळी मंडळी एकत्र गायली.

तयारीतल्या काही गोष्टी इथे लिहून ठेवते, कारण कोणीतरी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटतं. गीताआधीचा वाजवलेला तुकडा म्हणजे लोकांशी केलेला करार असतो. त्यातून त्यांना स्वर कळतो, लय कळते आणि गीत कोणत्या मनानं गायचंय ते कळतं. तो तुकडा जलद वाजवून गीत संथ सुरू केलं तर पहिली ओळ गेलीच. दुसरी गोष्ट पट्टीची. सकाळी गळे उघडलेले नसतात. मधल्या सी च्या वरच्या सप्तकातला डी ओलांडला की सामान्य माणूस ओठ हलवतो, गात नाही. म्हणून पुस्तकातल्यापेक्षा एक स्वर खाली वाजवायची सवय केली. आणि छंद. बऱ्याच गीतपुस्तकांत प्रत्येक गीतावर ओळीओळीतल्या अक्षरांची संख्या दिलेली असते, उदाहरणार्थ 8.6.8.6. आकडे जुळले तर एका गीताचे शब्द दुसऱ्या चालीवर बसतात. मी एकदा नवीन चाल हवी म्हणून पश्चात्तापाचं गीत अशाच एका जुळणाऱ्या चालीवर बसवलं. अक्षरं चपखल बसली, आघातही बसले. पण चाल उड्या मारत वर जाणारी होती. लोक आपल्या पापांची कबुली मिरवणुकीत चालल्यासारखी देत होते. मी दुसऱ्या कडव्यानंतरच शरमेनं वाकले. आकडे जुळल्यावरही गीत पुन्हा मोठ्यानं वाचायचं, हे तेव्हापासून कधी चुकवलं नाही.

दीडेक वर्षानं हात बसला, आणि मग मी बिघडले. हा शब्द मी विचार करून वापरतेय. शेवटच्या कडव्याला कॉर्ड बदलायचे, चालीच्या वरून एक वेगळी सुरावट काढायची, दोन कडव्यांमध्ये छोटासा तुकडा घालून पट्टी चढवायची, हे सगळं जमू लागलं. उजव्या गुडघ्याजवळचा दांडा बाहेर रेटला की आतल्या झडपा उघडतात आणि आवाज फुलतो. तो मी प्रत्येक गीताच्या शेवटी रेटायचे. लोक थांबून सांगायचे, आज ऑर्गन फार सुंदर वाजला. मला ते ऐकायला आवडायचं. शनिवारी रात्री मी गीताचे शब्द वाचायचे सोडून दिले होते, नवे कॉर्ड शोधत बसायचे.

एका रविवारी असंच कौतुक झाल्यावर बाई जवळ आल्या. "दुसऱ्या गीताचं तिसरं कडवं कशाबद्दल होतं?" मला आठवेना. मी ते नुकतंच वाजवलं होतं, सर्वांत जास्त सजवून वाजवलं होतं, आणि त्यात काय म्हटलंय ते मला आठवत नव्हतं. बाई रागावल्या नाहीत. "अगं, मलाही ऐकू आलं नाही," एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन मी आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय काढला. तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, तुमच्या वीणांचा नाद मी ऐकणार नाही, असं देव तिथे तेविसाव्या वचनात म्हणतो. पुढचंच वचन न्यायाबद्दल आहे, तो पाण्याच्या लोंढ्यासारखा वाहू द्या असं. आमोसाच्या लोकांचा अपराध बेसूर वाजवण्याचा नव्हता. गरिबाला तुडवून आल्यावर ते उत्तम वाजवत होते. माझा अपराध त्याच्यापुढे लहान, पण मला त्या वचनातून बाहेर पडता येईना.

मग मी वाचू लागले, की वाद्यं उपासनेत असावीत की नाहीत यावर आपल्याच माणसांनी काय काय म्हटलंय. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या उपासनेत आजही बहुतेक ठिकाणी वाद्य नसतं. माणसाचा आवाज तेवढा असतो. झ्यूरिकचे धर्मसुधारक झ्विंगली स्वतः अनेक वाद्यं वाजवणारे, संगीताचे जाणकार. त्यांच्याच सुधारणेत 1520 च्या दशकात तिथल्या उपासनेतून संगीत गेलं आणि चर्चमधले ऑर्गन काढले गेले. जिनीव्हात कॅल्विन यांनी मंडळीला स्तोत्रं गायला लावली, पण वाद्याच्या साथीशिवाय, एका सुरात. मार्टिन लूथर मात्र संगीताला ईश्वरविज्ञानाच्या खालोखाल मान देत. एवढी मोठी माणसं या प्रश्नावर दोन बाजूंना उभी आहेत. इफिसकरांस पत्रात (5:19) अंतःकरणात प्रभूसाठी गायनवादन करण्याबद्दल जे म्हटलंय, त्यातल्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ तार छेडणं असा होता, पण नव्या करारात तो नुसता स्तोत्र गाणं असा उरला का, यावरही वाद आहेत. हे वाचून मी गोंधळले नाही, उलट जरा सावध झाले. झ्विंगलींना संगीत कळत नव्हतं असं कोणी म्हणू शकत नाही. त्यांना ते फार चांगलं कळत होतं, आणि म्हणून त्याची भीती वाटली असावी. त्या दिवसांत मला ती भीती समजत होती.

उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही. एका दमट सकाळी पहिल्या गीताच्या दुसऱ्या ओळीत उजव्या पायट्याची वादी तुटली. पायटा धाडकन खाली गेला, दुसऱ्या पायानं मी अर्धी ओळ रेटली, आणि मग सूर खाली घसरत घसरत विझला. मी हात उचलले. मंडळी क्षणभर थबकली असेल. मग तिसऱ्या बाकावरून आजोबांचा खर्जातला आवाज आला, अर्धी मात्रा उशिरा, आणि सगळे त्यांना जाऊन मिळाले.

दोन वर्षांत मी आमच्या मंडळीला गाताना ऐकलं नव्हतं. मागून येणारा आवाज मला फक्त लय सांभाळण्यापुरता लागायचा. त्या दिवशी हात मांडीवर ठेवून मी पहिल्यांदा ऐकलं. मागच्या कोपऱ्यातल्या बायका दुसरा आवाज गात होत्या, त्यांना तो कोणी शिकवला नव्हता. लहान मुलं धृपद येईपर्यंत गप्प बसून धृपदाला तुटून पडत होती. एका ठिकाणी पुस्तकातल्या चालीपेक्षा सगळेच एक स्वर वेगळा गात होते आणि तो पुस्तकातल्यापेक्षा बरा होता. दोन वर्षं मी त्यांच्या त्या स्वराशी माझ्या कॉर्डनं भांडत होते. चौथ्या कडव्याला मीही गायले. माझ्या लक्षात आलं, की वाजवायला लागल्यापासून मी गायलेच नव्हते.

उपासनेनंतर बाई ऑर्गनच्या मागे वाकून तुटलेली वादी बघत होत्या. "ऐकलंस?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

वादी दुरुस्त व्हायला पंधरा दिवस गेले. परत वाजवायला बसले ते दोन बदल करून. एक म्हणजे मी वाजवताना गाते. तोंडानं शब्द चालू असले की हात शब्दांना सोडून फार दूर जाऊ शकत नाहीत. दुसरा म्हणजे, लोकांना गीत नीट येत असेल तर एका कडव्याला मी हात उचलते. पाळकांना आधी विचारून घेतलं होतं. पहिल्यांदा लोकांनी वळून पाहिलं, ऑर्गन पुन्हा बिघडला की काय म्हणून. आता ते त्या कडव्याला जास्त मोकळ्या आवाजात गातात. त्यांच्या त्या वेगळ्या स्वराखाली मी आता त्याला जुळणारा कॉर्ड वाजवते.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकात (3:15) अलीशा संदेष्टा तीन राजांसमोर उभा आहे आणि म्हणतो, मला एक वाजवणारा आणून द्या. तो वाजवू लागतो आणि परमेश्वराचा हात अलीशावर येतो. त्या वादकाचं नाव तिथे दिलेलं नाही. वाद्य कोणतं, काय वाजवलं, काहीच नाही. तो येतो, वाजवतो, आणि वचन दुसऱ्याच्या मुखातून निघतं. हे वचन मी चिठ्ठीवर लिहून पुस्तकं ठेवायच्या फळीला आतून चिकटवलं आहे.

याचा अर्थ कसंही वाजवलं तरी चालतं असा मी कधी घेतला नाही, आणि जे घेतात त्यांच्याशी माझं पटत नाही. "देव अंतःकरण पाहतो" हे वाक्य सराव टाळायला वापरलेलं मला सहन होत नाही. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात दावीद आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यांना वाजवण्याच्या सेवेसाठी वेगळं काढतो. तिथे शिकून निपुण झालेल्यांची संख्या दिली आहे, 288, आणि पाळ्या ठरवताना गुरू आणि शिष्य दोघांच्या चिठ्ठ्या सारख्याच टाकल्या गेल्या असंही सांगितलं आहे. तेहतिसाव्या स्तोत्रात नवीन गीत गा म्हटल्यावर लगेच कुशलतेनं वाजवा असं येतं. संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्याकडे अब्राहाम कालोव्ह यांच्या भाष्यासह छापलेलं बायबल होतं, त्याच्या समासात त्यांच्या हाताच्या नोंदी आहेत. इतिहासाच्या त्या पंचविसाव्या अध्यायापाशी, देवाला आवडणाऱ्या सगळ्या उपासना-संगीताचा हाच खरा पाया आहे, अशा अर्थाची नोंद आहे. आपल्या कित्येक हस्तलिखितांच्या शेवटी ते एस. डी. जी. ही अक्षरं लिहीत, केवळ देवाला गौरव या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं. सुरुवातीला मात्र बऱ्याचदा जे. जे. असत, येशू, साहाय्य कर. मला ही सुरुवातीची अक्षरं जास्त जवळची वाटतात.

माझा सराव गुरुवारीच असतो, रिकाम्या उपासनालयात. आधी सगळी गीतं वाचते, अजूनही मोठ्यानं. मग एकेक ओळ. जी ओळ अडते ती वीस-वीस वेळा. हे पूर्वी मी उपासनेची तयारी समजायचे. आता मला ती उपासनाच वाटते, कदाचित रविवारपेक्षाही निखळ, कारण ऐकायला कोणी माणूस नसतो. एकच ओळ वीस वेळा वाजवताना तिचे शब्द वीस वेळा मनातून जातात. काही वचनं माझ्या आयुष्यात उपदेशातून आली त्यापेक्षा खोलवर अशी बोटांतून आली.

प्रभुभोजनाच्या वेळचं वाजवणं वेगळंच असतं. लोक रांगेनं पुढे येतात, गुडघे टेकतात, परत जातात. तेव्हा कोणी गात नाही. मी एखाद्या ओळखीच्या गीताची चाल फार हळू वाजवते, आणि शब्द ज्याचे त्याच्या मनात चालू असतात. इथे सजावट नको, नवीन काही नको. चालीला चार ओळी असतील तर थांबायच्या चार जागा मिळतात. शेवटचा माणूस जागेवर पोचला की चालू असलेली ओळ पुरी करायची आणि तिथेच थांबायचं, पूर्ण चाल वाजवून दाखवायची नाही. सुरुवातीला कोणीतरी वाजवत राहायला हवं म्हणून मी स्वतः भाकर आणि प्याला घ्यायला उठायचेच नाही. तीन-चार महिने असेच गेले. बाईंना ते कळलं तेव्हा त्या माझ्यावर रागावल्या, एकदाच काय त्या रागावल्या. "तुझं वाजवणं त्या भाकरीहून मोठं आहे का?" तेव्हापासून पाळक सगळ्यात शेवटी ऑर्गनपाशी येतात. मी पट्ट्यांवरून हात काढते. तेवढा वेळ उपासनालयात काहीच वाजत नाही, आणि त्यानं कोणाचं काही अडत नाही.

एका बाबतीत मी माझं मत सोडलेलं नाही. उपदेशानंतर लोकांना निर्णयाचं आवाहन केलं जातं तेव्हा मागे हळुवार वाजवत राहावं, अशी मला अनेकांनी विनंती केली. मी काही वेळा वाजवलंही. पण कोणत्या जागी कोणता मायनर, उदास भासणारा कॉर्ड घातला की माणसाचा घसा दाटून येतो, हे मला माहीत आहे. ते शिकता येतं, आणि मी शिकले आहे. म्हणूनच मला तिथे वाजवायचं नाही. दावीदानं वीणा वाजवली की शौल राजाला आराम पडायचा (1 शमुवेल 16:23). संगीतानं दुखावलेल्या मनाला विसावा मिळतो हे मी नाकारत नाही, अंत्यविधीच्या उपासनेत मी त्याच विश्वासानं वाजवते. पण विसावा देणं वेगळं आणि माणसाकडून होकार काढून घेणं वेगळं. पुढे येणारा माणूस वचनानं हलला की माझ्या कॉर्डनं, हे त्याला सोमवारी सकाळी कळायला हवं. मी पाळकांशी हे बोलले. आता आमच्याकडे त्या वेळी शांतता असते. काही जणांना ती जड वाटते, हेही खरं.

मधे चार-पाच महिने कोरडे गेले. घरात आजारपण होतं. प्रार्थनेला शब्द सुचत नव्हते आणि रविवारी ऑर्गनवर बसले की आत काहीच हलत नव्हतं. लोकांचे डोळे मिटलेले, चेहरे उजळलेले, आणि मी पुढचा कॉर्ड मोजतेय. मला ते ढोंग वाटू लागलं. बाबेलच्या नद्यांकाठी वीणा झाडांवर टांगून ठेवणाऱ्या लोकांचं स्तोत्र, 137 वं, मी तेव्हा रोज वाचायचे. बाईंना म्हटलं, माझ्याऐवजी कोणीतरी बघा, मनात काही नसताना मी वाजवू शकत नाही.

त्या बराच वेळ आपली वाकडी झालेली बोटं चोळत बसल्या. मग म्हणाल्या, "मंडळीची उपासना तुझ्या मनावर टांगलेली नाही. तू ओळ संपली की हात उचल. बाकी तो बघेल."

मी तेवढंच करत राहिले. ओळ संपली की हात उचलायचा. काही महिने माझी प्रार्थना त्याहून मोठी नव्हती. प्रार्थनेचे शब्द परत आले तेव्हा नेमक्या कोणत्या रविवारी आले हेही मला सांगता येणार नाही. एकदा गाता गाता लक्षात आलं, की मी जे गातेय ते मला म्हणायचं आहे.

हल्ली तरुण मुलं गिटार आणि काहोन, म्हणजे हातानं वाजवायची लाकडी पेटी, घेऊन येतात. काही ज्येष्ठांना ते खटकतं. त्यांना मी ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या चर्चची गोष्ट सांगते. 24 डिसेंबर 1818 रोजी तिथे 'सायलेंट नाइट' हे ख्रिस्तजन्माचं जे गीत पहिल्यांदा गायलं गेलं आणि पुढे जगभर पोचलं, त्याला साथ गिटारची होती. मुलांना मात्र आधी शब्द वाचायला लावते, आणि तिसऱ्या बाकाकडे कान ठेवायला सांगते.

तिथे आता आजोबा नाहीत. त्यांचे गुडघे चालत नाहीत, पाळक प्रभुभोजन घेऊन त्यांच्या घरी जातात. त्यांच्या आवडीच्या गीतात दुसऱ्या ओळीच्या शेवटी एक थांबा आहे, पुस्तकात लिहिलेला नाही. तो शब्द ते जितका धरायचे तितका वेळ माझा हात अजूनही पट्ट्यांवर राहतो, मग उचलला जातो. सगळी मंडळी तिथे श्वास घेते. गेल्या वर्षी नव्यानं आलेली एक मुलगी मला विचारत होती, ही चाल दुसरीकडे इतकी घाईघाईत का गातात.